पुढे ढकललेली उपकारस्तुती

उपकारस्तुती आठवड्यावर आली होती आणि मरिया मंडपवाल्याला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

"खुर्च्या उन्हात मांडू नको. म्हातारी मानसं येत्याल. पाळकसायबांचं टेबल हितं, लिंबाखाली. अन् भोंगा रस्त्याकडं तोंड करून लावू नको, शेजारी काय म्हनत्याल."

मंडपवाला हो-हो करत निघून गेला. मरिया अंगणात एकटीच उभी राहिली, रिकाम्या जागेत खुर्च्या बघत. देवळाली प्रवराच्या त्या वस्तीवर एवढी माणसं तिच्या लेकाच्या, पीटरच्या बारशानंतर जमली नव्हती. पीटरचं लग्न नगरच्या कोर्टात चार सह्यांवर झालं होतं, तेव्हा जमायचा प्रश्नच आला नव्हता.

तिच्या नवऱ्याची, बेंजामिनची लघवी अडली त्याला आता दीड वर्ष होत आलं होतं. कृषी विद्यापीठात ट्रॅक्टर चालवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस तेव्हा मोरीत भिंतीला डोकं टेकून उभा होता. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांतही थोडा उतरलेला. मग दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, रोजच्या गोळ्या आणि रक्ताची ती तपासणी, पीएसए. पहिल्यांदा तो आकडा शंभराच्या वर होता. मरियाला पीएसए म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण आकडा उतरला पाहिजे एवढं कळत होतं. तिने देवाला शब्द दिला होता, एकच्या खाली आला तर दारात मंडप घालून तुझे उपकार मानीन. आला होता. गेल्या दोन्ही वेळा एकच्या खालीच होता.

त्या दुपारी त्यांची लेक जेनिफर केडगावहून आली. ती शिकवत होती त्या शाळेला शनिवारची सुट्टी होती आणि उपकारस्तुतीच्या स्वयंपाकाचं ठरवायचं होतं. फाट्यावर उतरून ती पायवाटेने येत होती. समोरून पाटाच्या कडेने एक म्हातारा हळूहळू चालत होता, एक हात उजव्या बरगडीखाली दाबून. कोण असेल, असा विचार करत ती बरीच जवळ आली, तेव्हा कुठे तिला आपला बाप ओळखू आला.

"अण्णा?"

"आलीस व्हय. बस टायमावर हुती?"

सदरा त्याच्या अंगावर दोरीवर टाकल्यासारखा लोंबत होता. तिने पिशवी खाली ठेवून त्याचा दंड धरला. तिच्या बोटांत तो मावत होता.

"दुखतंय का तिथं?"

"गॅस धरलाय. चल, तुझी आई वाट बघतीय."

घरात शिरल्याबरोबर जेनिफरने सरळ आईला विचारलं, "अण्णा एवढे कसे उतरले?"

"इंजेक्शनानं उतरत्यात."

"इंजेक्शनने माणूस अंगाने सुटतो, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मी होते तेव्हा."

पीटर जेवायला बसला होता. त्याने मान वर न करता म्हटलं, "जेनी, आल्या आल्या सुरू नको करू. आकडा बघ की. शून्य पॉइंट चार हाय. डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का?"

"मला आकडा कळत नाही दादा. मला अण्णा कळतात."

"आठ दिसांवर कार्यक्रम आलाय," मरिया म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तोंडातनं चांगलं काढ. देवानं दिलंय ते हात पसरून घ्यावं, त्येला टोकरत बसू नये."

चुलीपाशी अश्विनी भाकरी थापत होती. या घरात दहा वर्षं काढूनही मोठ्या बोलण्यात ती पडत नसे. शेजारच्या सहादेवची ती मुलगी. पीटरशी लग्न केलं त्या दिवशी बापाने दार लावून घेतलं आणि बेंजामिन स्वतः जाऊन तिला कोर्टाच्या पायरीवरून घरी घेऊन आला. मरियाने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, कधी शिवी दिली नाही. पण नावानेही कधी हाक मारली नाही. बोलायचं झालं तर "पीटरची बायको" असंच म्हणे.

"अण्णा जेवत न्हाईत," अश्विनी तव्याकडे बघतच म्हणाली.

मग पीटरने विचारलं, "म्हंजे?"

"वारं लागतंय म्हनून ताट भाहेर न्येत्यात. भाकर म्हशीला घालत्यात. दोन घास खात्यात, ते बी माझ्याकडं बघून. मी पाहिलं तवा म्हनले, कुनाला बोलू नको. मी बोलले न्हाई. पर आता जेनीताईंनी विचारलं..."

"कवापासून?"

"गणपतीच्या आधीपासून."

मरिया हातातलं पातेलं धरून तशीच उभी राहिली. नवरा जेवत नाही, याच्यापेक्षा तिला दुसरंच लागलं होतं.

"चाळीस वर्सं मी ह्यांना जेवाय घातलं," ती म्हणाली. "अन् मला न्हाई, तुला सांगितलं?"

"सांगितलं न्हाई आई. मला दिसलं."

"म्हंजे मला दिसत न्हाई, आसं म्हन की."

"बास करा," दारातून बेंजामिन म्हणाला. तो चौकटीला टेकून उभा होता. सगळं ऐकलं होतं त्याने. "तिच्यावर कशाला घसरतीस मरिया. मीच गप ऱ्हा म्हनलो. तू घरभर गानी म्हनत फिरत हुतीस. दीड वर्सानं तुझ्या तोंडात गानं आलं. म्हनलं, हुंद्या रविवार. मग बघू."

मरियाने पातेलं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून ती मागच्या दाराने बाहेर गेली.

*

सोमवारी नगरला जाताना पीटरच्या मनात एकच होतं: डॉक्टर आकडा बघतील, हसतील, पित्ताच्या गोळ्या देतील आणि जेनी गप्प बसेल. डॉक्टर हर्षल त्याच्याच वयाचे होते. आकडा बघून ते हसले नाहीत. त्यांनी बेंजामिनला टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं आणि उजव्या बाजूला हात बराच वेळ तसाच ठेवला.

"आजच स्कॅन करून घ्या," ते म्हणाले. "उद्यावर नको."

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं. पडद्यावर बेंजामिनचं पोट काप काढल्यासारखं दिसत होतं. लिव्हरवर ठिकठिकाणी डाग होते आणि पोटाच्या मागच्या बाजूला गाठींचा गोळा.

"पण पीएसए तर कमी आहे," जेनिफर म्हणाली. तिलाच आता आपण खोटं ठरावं असं वाटत होतं.

"तेच मला खटकतंय. पीएसए प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात. कॅन्सर वाढला की आकडा वाढतो, बहुतेक लोकांत असंच होतं. पण थोड्या जणांत इंजेक्शन आणि गोळ्यांच्या दाबाखाली त्या पेशी जातच बदलतात. मग त्या पीएसए करीत नाहीत. आकडा शांत बसतो आणि आजार आत धावत राहतो. हे क्वचित होतं, पण झालं तर फार झपाट्याने वाढतं. तेच असेल असं मी आज म्हणत नाही. लिव्हरमधला एक बारीक तुकडा सुईने काढून तपासल्याशिवाय कळणार नाही."

पीटर पडद्याकडेच बघत होता. बेंजामिन मात्र पुढे झुकला.

"सायेब, विद्यापीठात माझ्याकडं एक ट्रॅक्टर हुता. त्येचा टेंपरेचरचा काटा कायम गारावर. मी बघायचो, म्हनायचो, इंजिन गार हाय. एक दिवस नांगरता नांगरता जाम झालं. काटाच मेला हुता. आसंच म्हनताय का तुमी?"

"अगदी तसंच म्हणतोय."

"मग झाकन उघडलं पायजे."

"सुई लावली की पसरतो म्हनत्यात," पीटर एकदम बोलला. "आमच्याकडं समदे तेच सांगत्यात. सुई लावली अन् महिन्यात मानूस गेलं."

डॉक्टरांनी खुर्ची त्याच्याकडे वळवली. "ज्यांना सुई लावतात, त्यांचा आजार आधीच पुढे गेलेला असतो. लोकांना सुई दिसते, आत काय चाललंय ते दिसत नाही. तुमच्या वडिलांचा आजार सुई न लावताच लिव्हरपर्यंत गेलाय. आता कुठल्या जातीचा आहे ते कळलं नाही, तर मी अंधारात औषध देणार. ते मला करायचं नाही."

बाहेर व्हरांड्यात मरिया बाकावर बसली होती. आत यायला तिने नकार दिला होता. जेनिफरने सांगितलं ते तिने ऐकून घेतलं.

"रविवार होऊ द्या," ती म्हणाली. "मग काय टोचायचं ते टोचा. मी देवाला शब्द दिलाय. समद्या मंडळीला सांगितलंय, बरे झाले म्हनून. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

जेनिफरने तोंड उघडलं, पण त्याआधी पीटरच बोलला. दोन दिवस आईच्या बाजूने उभा असलेला पीटर.

"आई, रविवारची वाट न्हाई बघायची. ते चित्र मी बघितलंय. तू न्हाई बघितलं."

"तू बी?"

"मी बी."

बेंजामिन हळूच तिच्या शेजारी बसला. "मरिया, देव काय मंडपवाला हाय का, तारीख बदलली म्हनून रुसायला? उपकार मानायचे तर मानूच. आज न्हाई, मागनं. काय झालंय ते कळल्यावर मानू."

"अन् वाईट निघालं तर?"

"तर त्येचं बघू. तू हाईस का संगट?"

मरियाने त्याच्या सदऱ्याची वर गेलेली कॉलर खाली बसवली. पीटरने फोन काढला आणि मंडपवाल्याला नको म्हणून सांगितलं.

तपासणीचं उत्तर यायला आठवडा लागला. वेगळे वेगळे रंग लावून तो तुकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागला होता. कॅन्सर प्रोस्टेटचाच, पण आता स्मॉल सेल नावाच्या, झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा झालेला. डॉक्टर हर्षलनी काहीच झाकून ठेवलं नाही.

"हा मुळापासून जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही, आजोबा. पण याच्यावर चालणारी केमो वेगळी आहे आणि सुरुवातीला ती बहुतेकांना चांगली लागू पडते. दर तीन आठवड्यांनी तीन दिवस सलाईन. आधीचं इंजेक्शनही चालू ठेवायचं. तुमच्यात अजून ताकद आहे. आणखी दोन महिने गेले असते तर ती राहिली नसती."

बेंजामिनने हात जोडले. डॉक्टर संकोचले.

"अहो, मी चांगली बातमी नाही दिली."

"खरी दिली. उपकार झाले तुमचे."

*

दुसऱ्या केमोनंतरचा आठवडा होता. पीटर उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. अश्विनी अंगणात धुणं वाळत घालत होती. आतून तिला दात वाजल्याचा आवाज आला.

बेंजामिन गोधडीत कुडकुडत होता. मरियाने त्याच्यावर आणखी एक चादर टाकली होती.

"थंडी वाजतीय नुसती. तापाची गोळी दिली मी. निजू दे जरा, उतरंल."

अश्विनीने थर्मामीटर लावला. ताप एकशे दोनच्या जवळ होता. डॉक्टरांनी दोघींनाही समोर बसवून सांगितलं होतं: केमोनंतर अंगातल्या लढणाऱ्या पेशी कमी होतात, ताप आला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, लगेच आणायचं. तिने हॉस्पिटलला फोन केला. तिकडूनही तेच सांगितलं.

"आई, न्यावं लागंल. आत्ता."

"कशात न्यायचं? गाडी पीटरनं न्हेलीय. संध्याकाळपर्यंत येईल त्यो."

"संध्याकाळपर्यंत न्हाई थांबायचं."

"तू काय डाक्टर हाईस का?"

"न्हाई. म्हनून तर डॉक्टरांचं ऐकतीय." बोलून झाल्यावर अश्विनीलाच आपल्या आवाजाचं नवल वाटलं.

अश्विनी ओट्यावर आली. तिथून पाटापलीकडे सहादेवचं घर दिसत होतं आणि घरापुढे उभा असलेला पिकअप. दहा वर्षं ती रोज तो पिकअप बघत होती. बापाचा नंबर फोनमध्ये नव्हता, पण तो विसरण्यासारखा नव्हता.

"कोन?"

"नाना, मी अश्विनी."

पलीकडून काहीच आवाज आला नाही.

"अण्णांना लई ताप हाय. नगरला न्यायचंय. हितं गाडी न्हाई."

त्याने फोन ठेवला असं तिला वाटलं.

"फाटक उघडून ठेव," सहादेव म्हणाला.

*

पिकअपने राहुरी मागे टाकली. पुढे सहादेवच्या शेजारी बेंजामिन गोधडीत गुंडाळून बसला होता. मागच्या हौद्यात सासू आणि सून ताडपत्रीवर, एकमेकींना धरून. आरशात सहादेवला मुलीचा अर्धा चेहरा दिसत होता. तो रस्त्याकडे कमी आणि आरशाकडे जास्त बघत होता. लहानपणी ज्याच्याबरोबर त्याने पाटात उड्या मारल्या, तो बेंजू शेजारी मान टाकून बसला होता, डोक्यावर केस नाहीत, गालफडं आत गेलेली. बांधावरून दुरून दिसायचा तेव्हा एवढं कळलं नव्हतं.

विळद घाटाच्या अलीकडे बेंजामिनने डोळे उघडले.

"सहादू, गाडी घे कडंला. लघवी लागली."

सहादेवने गाडी थांबवली, वळसा घालून आला आणि त्याला उतरवलं. बेंजामिनला उभं राहवेना. सहादेवने एका हाताने त्याची कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने पायजम्याची नाडी सोडली. दोघे म्हातारे बाभळीकडे तोंड करून उभे राहिले. बाया मागे बसल्या होत्या, त्यांनी तोंडं फिरवली.

"दहा वर्सं बोललो न्हाई आपन," सहादेव म्हणाला.

"तू बोलला न्हाईस. मी रोज बांधावरनं हात करत हुतो."

"बघत हुतो मी."

"मग?"

बराच वेळ झाला तरी दोघे तसेच उभे होते. मग सहादेव एकदम म्हणाला, आवाज खाली घेऊन, "बेंजू, तुला पैल्यांदा काय झालं हुतं? आसंच? उभं ऱ्हायचं अन् व्हायचं न्हाई?"

तापातही बेंजामिनने मान वळवली. "तुला हुतंय?"

"रातचं सारखं उठावं लागतं. धारच न्हाई."

"कुनाला सांगितलंस?"

"कुनाला सांगनार? ही काय सांगायची गोष्ट हाय का."

"मलाबी तसंच वाटलं," बेंजामिन म्हणाला. दात वाजत होते म्हणून त्याचे शब्द तुटत होते. "वरीसभर लाजलो. धोतरावर थेंब दिसू न्हाई म्हनून काळ्या इजारी घातल्या. त्या वर्सात ह्यो आत बसला माझ्या. सहादू, आज मला सोडलंस की तिथंच डाक्टरला दाखव. माझ्यासंगट. आं?"

"आधी तुझं बघू."

"माझं लेक बघतीय तुझी," बेंजामिन म्हणाला. "नाडी बांध आता."

हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या त्याला आत घेतलं. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. दिवस मावळताना डॉक्टर हर्षल बाहेर आले. पीटर आणि जेनिफर तोवर धावत पोचले होते.

"आता ठीक आहेत. वेळेत आणलंत. उद्या सकाळी आणलं असतं, तर बहुतेक माझ्या हातात काही राहिलं नसतं. कुणी आणलं?"

सगळ्यांनी अश्विनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती. धुण्याच्या पाण्याने ओला झालेला पदर वाऱ्याने अंगावरच वाळला होता.

मरिया उठली. तिच्या मनात सकाळचं सगळं घोळत होतं: गोधडी, तापाची गोळी, निजू दे म्हणून आपण टाकलेली चादर. चाळीस वर्षांची माया आपल्याला उलट्या वाटेने घेऊन चालली होती आणि या पोरीने हात धरून वळवलं होतं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं:

"अश्विनी, सकाळपासून खाल्लंस का काई?"

अश्विनीने मान हलवली, नाही म्हणून. मग तिला आपलं नाव ऐकू आलं आणि ती भिंतीशीच खाली बसून रडायला लागली. मरिया तिच्याशेजारी फरशीवर बसली. जेनिफर दोघींसाठी चहा आणायला गेली आणि जिन्यात थांबून तिनेही डोळे पुसले.

*

उपकारस्तुती झाली ती मार्चमध्ये, ऊस तुटून रान मोकळं झाल्यावर. चौथ्या केमोनंतर स्कॅन झाला होता. लिव्हरवरचे बरेच डाग आटले होते, काही तर सापडतच नव्हते. गाठींचा गोळा निम्म्याहून लहान झाला होता. बेंजामिनचं वजन वाढायला लागलं होतं. अजून दोन केमो बाकी होत्या. "त्यानंतर ठरावीक काळाने स्कॅन करत राहायचं," डॉक्टर म्हणाले होते. "आकडा कितीही चांगला असला तरी. आणि तो परत डोकं वर काढेल असं धरूनच आपण लक्ष ठेवायचं."

हे ऐकून पीटरला वाटलं होतं की आई कार्यक्रम आणखी पुढे ढकलेल. मरियाच म्हणाली, "आता न्हाई थांबायचं. जेवढं मिळालं तेवढ्याचे मानू."

गाणी झाली, वचन वाचून झालं, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग त्यांनी बेंजामिनला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायला, उभं केलं. त्याच्या भुवयाही गेल्या होत्या. पहिल्यांदा बघणाऱ्यांना तो ओळखू येत नव्हता. त्याने माइक घेतला आणि तो तोंडापासून लांब धरला, ट्रॅक्टरवरून ओरडून बोलायची सवय होती म्हणून.

"मी बरा झालो, आसं कुनी समजू नका," तो म्हणाला. मंडपात चुळबुळ झाली. "माझा आजार लई वंगाळ जातीचा हाय. आज मागं सरलाय. परत येईल बी. डाक्टरनी मला खरं सांगितलंय, मी तुमाला खरं सांगतो. तरी मी उपकार मानाय उभा हाय. का? नोव्हेंबरात मला वाटलं हुतं, माझं झालं. मी मनातनं समद्यांना राम राम करून बसलो हुतो. आता रान मोकळं झालेलं बघतोय. तुमाला बघतोय. ह्ये मला हिशोबाच्या भाहेर मिळालं.

"माझ्या जेनीनं मला वळखलं न्हाई, म्हनून मी वाचलो. ती आकड्याला भुलली न्हाई. पीटरला भ्या वाटत हुतं, तरी त्यो माझ्या बाजूनं उभा ऱ्हायला. अन् आमची अश्विनी. तिच्याबद्दल मी काय बोलू. तिला ह्या घरात मी आनलं, आसं लोक म्हनत्यात. खरं म्हंजे तिनं मला ह्या घरात परत आनलं."

अश्विनी बायकांच्या मागे उभी होती. मरियाने हात धरून तिला पुढे ओढलं आणि आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"अजून येक," बेंजामिन म्हणाला. "गड्यांसाठी हाय, पर बायांनी बी ऐका, कारन गडी ऐकत न्हाईत. साठीच्या पुढं लघवीला तरास व्हायला लागला तर झाकून ठेवू नका. समद्यांना काय कॅन्सर नसतो. पर डाक्टरला इचारा. मी वरीसभर लाजलो, ते वरीस परत येनार न्हाई."

पाळकसाहेबांनी नजर जमिनीकडे वळवली. कुणीतरी फिसकन हसलं, बायकांनी पदर तोंडाला लावले. पण मागच्या रांगेतले दोन-तीन म्हातारे हसले नाहीत. शेवटची प्रार्थना संपल्यावर ते बेंजामिनला लिंबाच्या पलीकडे घेऊन गेले आणि बराच वेळ दबक्या आवाजात काहीबाही विचारत राहिले. तो सगळ्यांना उत्तरं देत होता, हातवारे करून, विद्यापीठातल्या पोरांना गिअर समजावत असल्यासारखा.

त्यांच्यात सहादेवही होता. पांढरी टोपी घालून तो सकाळीच आला होता आणि फाटकाजवळच्या खुर्चीवर बसून राहिला होता. ताप उतरल्यावर बेंजामिनने त्याला सोडलं नव्हतं. तपासून घ्यायलाच लावलं होतं. त्याची प्रोस्टेटची गाठ साधी निघाली होती, वयाची, गोळ्यांनी आटोक्यात येणारी. गोळ्या चालू होत्या आणि त्याला झोप लागत होती.

पंगती बसायच्या होत्या. मरिया ताटं मोजायची सोडून त्याच्यापाशी आली.

"व्याही, आत या की. हितं काय पावन्यासारखं बसलाय."

सहादेव उठला. ओट्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबला, चपला काढल्या, पुन्हा थांबला. दारात अश्विनी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. तिने तो पुढे केला. त्याने दोन घोट घेतले, टोपी काढून हातात धरली आणि घसा साफ केला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझं घर दाखव की मला."

अश्विनीने सासूकडे पाहिलं.

"दाखव," मरिया म्हणाली. "समदं दाखव. पंगत थांबंल."